अनुसंधान-प्रतिष्ठानाचा कायदा : नीरेकांठच्या पुराव्यावरून परीक्षण

इतिहास-संशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत चालू काळच्या एका कायद्याचें परीक्षण कां यावें, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. व ती अगदींच अस्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कायदा हाही एक लेखच होय. त्याला कर्ता असतो, काळ असतो, पूर्वपीठिका असते. आणि दानपत्राप्रमाणेंच कोणीं, कोणास, किती व कोणत्या अटीवर दिलें हें त्यांत नमूद केलेलें असतें. ताम्रपट वाचतांना दिलेली भूमि किती निवर्तनें हें आपण जितक्या काळजीनें पाहतों, तितक्याच काळजीनें ती कोणाच्या उत्पन्नांतून दिली व पुढच्या राजांनीं ती चालवावी म्हणून काय तजवीज केली, हेंही पाहतों. याच पद्धतीनें ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था निर्माण करणारा सन २०२३ चा २५ वा कायदा आम्हीं वाचला. आणि वाचतांना आमच्या इंदापूर-बारामतीकडील जुनीं प्रकरणें वारंवार डोळ्यांसमोर आलीं. तीं कां आलीं, हें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम नांवाविषयीं दोन शब्द. ‘अनुसंधान’ हा शब्द अनु, सम् आणि धा यांपासून झाला; मागोवा घेत जाऊन एका गोष्टीशीं दुसरी जोडणें हा त्याचा मूळ भाव. आपण मराठी लोक ज्याला ‘संशोधन’ म्हणतों त्यांत शुध् धातु आहे. मळ काढून टाकणें हा तेथला भाव. हिंदींत ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती, त्यामुळें अमुक विधेयकावर लोकसभेंत संशोधन आलें असें ऐकून मराठी माणूस उगाच हर्षित होतो. हें विनोदानें म्हटलें, तरी भेद पोकळ नाहीं. मळ एकदां निघाला म्हणजे तेवढ्यापुरतें काम संपतें. मागोवा मात्र वर्षानुवर्षें घ्यावा लागतो, आणि मध्येंच सुटला तर पुन्हां आरंभापासून निघावें लागतें. कायद्यानें जें नांव घेतलें आहे तें दीर्घकाळच्या कामाचें आहे. द्रव्याची व्यवस्था त्या नांवास साजेशी आहे काय, एवढाच आमचा प्रश्न.

व्यवस्था अशी आहे. २८ जून २०२३ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें विधेयकास मान्यता दिली, त्याच वर्षीं १२ ऑगस्ट रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि ५ फेब्रुवारी २०२४ पासून कायदा अमलांत आला. सन २००८ च्या कायद्यानें झालेलें ‘सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्ड’ या नव्या संस्थेंत विलीन झालें. २०२३ ते २०२८ या पांच वर्षांसाठीं ५०,००० कोटि रुपयांचा आंकडा जाहीर करण्यांत आला. मात्र यांपैकीं सरकारच्या तिजोरींतून यावयाचे ते १४,००० कोटि. उरलेले ३६,००० कोटि उद्योगधंदे, सार्वजनिक कंपन्या, दानशूर व्यक्ति व संस्था यांजकडून मिळतील अशी अपेक्षा. म्हणजे शंभरांतले बहात्तर रुपये अपेक्षेच्या खात्यावर. २०२३-२४ च्या अंदाजपत्रकांत या कामीं २,००० कोटि धरले होते. सुधारलेल्या अंदाजांत ते २६० कोटींच्याही आंत आले. कायदा अमलांत येईपर्यंत वर्ष सरत आलें, हें त्याचें एक कारण उघड आहे, व तेवढ्यावरून आम्ही दोष देत नाहीं. आमचा आक्षेप त्या बहात्तरांविषयीं आहे.

तो नीट समजण्यासाठीं इंदापुरास यावें लागेल. इंदापूर म्हटलें कीं वाचकांस मालोजीराजे भोसले आठवतात. परंतु जमीनमहसुलाच्या इतिहासांत या तालुक्याचें नांव दुसऱ्याच कारणानें पक्कें झालेलें आहे. इंग्रजी अंमल बसल्यावर पुणें जिल्ह्याची मोजणी व आकारणी रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याकडे सोंपविण्यांत आली. हेलिबरीच्या विद्यालयांत माल्थसजवळ शिकलेला, नव्या अर्थशास्त्राचा अभिमानी असा हा गृहस्थ. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचें निव्वळ उत्पन्न काढावयाचें व त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावयाचे, असें त्याचें गणित होतें. गणितांत चूक नव्हती. चूक होती ती आंकड्यांत. पिकाचे व खर्चाचे जे आंकडे हाताखालच्या कामगारांनीं आणून दिले त्यांत कल्पिताचा भरणा फार, आणि ते पडताळून पाहण्याचें साधन प्रिंगलजवळ नव्हतें. १८३० च्या सुमारास ही आकारणी लागू झाली. सूट देतां देतां सरकार थकलें, जमिनी ओस पडल्या, कुणबी गांव सोडून गेले.

मग १८३५ सालीं गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापुरांतच नवें काम आरंभिलें. निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत त्यांनीं बाजूस ठेविला. जमिनीचा रंग व खोली पाहून तिच्या नऊ प्रती लाविल्या, मागील वसुलाचा अनुभव पाहून दर उतरविले, आणि ठरलेला आकार ३० वर्षें वाढणार नाहीं अशी हमी दिली. पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र गेलेली मोजणीची पद्धति ती हीच. (तीस वर्षें सरल्यावर याच तालुक्यांत दर कसे चढविले गेले, तो कटु विषय निराळा.)

या प्रकरणावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. सरकारनें पैसा घातला म्हणून ज्ञान खरें होतेंच असें नाहीं; प्रिंगलचा सर्व खर्च सरकारीच होता. सरकारी खर्चाचे आम्ही आंधळे भक्त नाहीं, हें येथेंच नमूद करून ठेवितों. दुसरी गोष्ट त्या ३० वर्षांची. विहीर खणावी, ताल घालावी, तर तिचें फळ हातीं येईपर्यंत आकार बदलणार नाहीं असा भरंवसा कुणब्यास पाहिजे होता, आणि तो मिळाल्यावरच पडीक जमिनी पुन्हां लागवडीस आल्या. संशोधकाचें कामही विहीर खणण्यासारखेंच आहे; पाणी कोणत्या हातावर लागेल हें आधीं सांगतां येत नाहीं. इंदापूरच्या कुणब्यास जो भरंवसा त्या काळीं मिळाला तो २०२३ च्या कायद्यांत संशोधकास मिळालेला नाहीं. त्याच्यापुढें पांच वर्षांचा आंकडा आहे, आणि त्यांतलाही मोठा भाग अद्याप कोणाच्या तरी मर्जींत आहे.

आतां नीरेच्या कालव्याचें प्रकरण. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर भाटघरचें धरण व वीरपाशीं निघणारा नीरेचा डावा कालवा हीं कामें हातीं घेण्यांत आलीं. १८८५ च्या सुमारास पाटाला पाणी सुटूं लागलें आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या तालुक्यांतील माळांचें रूप पालटलें. प्रथम पाण्यास गिऱ्हाईक नव्हतें. पाऊस बरा झाला कीं कुणबी पाटाकडे पाठ फिरवी. पुढें ऊंस आला. कालव्याचें उत्पन्न वाढलें, बागाइतदार सुखावला, गुऱ्हाळें वाढलीं. परंतु काळ्या जमिनीस वरून पाणी फार व खालून निचरा नाहीं, अशी गांठ पडली म्हणजे जमिनींतलें पाणी वर चढतें व येतांना मीठ बरोबर आणतें. उताराच्या वरच्या अंगास ऊंस डोलत असतां खालच्या अंगास पांढरा थर फुटूं लागला. १९१० सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरल्ड मॅन व ताम्हणे या दोघांनीं नीरा-खोऱ्यांतील खारट जमिनींविषयीं एक पत्रक मुंबई सरकारच्या शेतकी खात्यामार्फत प्रसिद्ध केलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं राजवाडे व मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. एका शहरांत एकाच वर्षीं दोन प्रकारचा मळ काढण्याचें काम पुढें आलें.

या खारीची ओळख आम्हांस पुस्तकावरून झालेली नाहीं. वडिलांच्या वांट्यास कालव्याखालचा जो तुकडा आला होता, त्याच्या खालच्या अंगास सुमारें अर्धा एकर चोपण होतें. १९७० च्या आगेंमागें, आम्ही शाळेंत जाऊं लागलों होतों तेव्हां, हिंवाळ्याच्या सकाळीं तेथें अनवाणी गेलें कीं पायाखालीं कुरकुर आवाज होई व तळव्यास पांढरें लागे. आम्हां भावंडांस तें दहिंवरच वाटे. वडील रात्रभर दारें धरून आलेले असत. ते त्या पांढऱ्याकडे नुसतें पाहत आणि बांधावरून घराकडे वळत. वरचें शेत चुलत्यांचें होतें व त्यांत आडसाली ऊंस होता. चुलत्यांनीं आपल्या पाळीचेंच पाणी घेतलें होतें, चोरून नव्हे. तेव्हां भांडावें तरी कोणाशीं? त्या अर्ध्या एकरांत वडिलांच्या हयातींत पुन्हां जोंधळा उभा राहिला नाहीं.

आतां वाचकांनींच विचार करावा. १९१० सालीं हा शोध ‘अपेक्षे’च्या खात्यावर सोंपविला असता, तर त्याला द्रव्य कोणीं दिलें असतें? कालव्याला पाणीपट्टी मिळत होती, वरच्या बागाइतदारास ऊंस मिळत होता, गुळाच्या अडत्यास अडत मिळत होती. ज्यांच्या हातीं पैसा होता त्या सर्वांस हें ज्ञान अडचणीचें. आणि ज्यास तें पाहिजे होतें, त्या खालच्या शेतकऱ्याजवळ पैसा नव्हता. अशा ठिकाणीं सार्वजनिक तिजोरीखेरीज दुसरा दाता संभवत नाहीं. बहात्तर रुपये धंद्याकडून आणूं म्हणणाऱ्यांनीं कोणत्या प्रश्नांस ते बहात्तर रुपये मिळतील याचा विचार केलेला दिसत नाहीं. जेथें लाभ दिसतो तेथें ते जातील, व तें गैरही नव्हे. परंतु जेथें कोणाच्या तरी लाभाचीच झडती घ्यावयाची आहे, तेथें ते जाणार नाहींत.

त्या वेळच्या सरकारच्या पदरीं मात्र एक श्रेय टाकलें पाहिजे. पाणी विकणारें व पाण्याचा दोष शोधणारें सरकार एकच होतें. तरी १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांची एक खास शाखा काढली, आणि शेतीची गरज व हातीं असलेलें पाणी यांचा मेळ कसा घालावा हें पाहण्याचें काम तिजकडे दिलें. क्लॉड इंग्लिस या इंजिनिअरानें ती नांवारूपास आणिली. १९३६ सालीं हिंदुस्थान सरकारनें ती आपल्याकडे घेतली. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत् संशोधनशाला ती हीच. आज जी राष्ट्रीय संस्था नद्यांचे, बंदरांचे व धरणांचे नमुने करून पाहते, तिचें मूळ दख्खनच्या कालव्यांत आहे हें आमच्याकडील फार थोड्यांस ठाऊक असतें. वीस वर्षें एका इलाख्याच्या अंदाजपत्रकानें तिला पोसलें, तेव्हां ती देशाच्या उपयोगीं पडण्याजोगी झाली.

नीरेच्या पलीकडे पाडेगांवास १९३२ सालीं ऊंसाच्या संशोधनाचें केंद्र निघालें, त्यासही शाही कृषि-संशोधन-परिषदेचें साहाय्य होतें. तेथील बसु व सिरूर यांनीं १९३८ सालीं नीरा उजवा व प्रवरा या कालव्यांखालच्या जमिनींचें वर्गीकरण प्रसिद्ध केलें. उजवा कालवा तेव्हां नवा होता. पाणी मुरण्याच्या आरंभींच जमिनीची प्रत पाहून ठेवावी, ही बुद्धि डाव्या कालव्याच्या अनुभवानें झाली असें म्हणावयास हरकत नाहीं.

या परिषदेच्या द्रव्याची हकीकत आजच्या कायदेकर्त्यांनीं अवश्य पाहावयास हवी होती. लॉर्ड लिन्लिथगो यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशननें १९२८ सालीं परिषदेची शिफारस केली, तेव्हांच ५० लाखांचा निधि सुचविला होता. १६ जुलै १९२९ रोजीं परिषद स्थापन झाली; व १९४० सालीं परदेशीं जाणाऱ्या कांहीं शेतमालावर शेंकडा अर्धा रुपया उपकर बसवून तिला निश्चित उत्पन्न जोडून देण्यांत आलें. त्यापूर्वीं १९२३ च्या कायद्यानें कापसावर असाच उपकर बसला होता, आणि १९२४ सालीं माटुंग्यास कापसाची प्रयोगशाळा निघाली. येथेंही द्रव्य धंद्याकडूनच आलें, असें कोणी आम्हांस सुनावील. आलें खरें, पण तें कायद्यानें आलें, मर्जीनें नव्हे. उपकर देणाऱ्यास ‘माझ्या पैशानें अमुकच शोधा’ असें म्हणावयास जागा नव्हती. उपकर ही वतनी नेमणूक आहे. देणगी ही ओंवाळणी. ओंवाळणी घेऊं नये असें कोण म्हणेल? पण तिच्या हिशेबावर वर्षाचें धान्य कोणी भरीत नाहीं.

खासगी औदार्याची निंदा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेस टाटांच्या विश्वस्त-निधींतून आठ लाखांवर रक्कम मिळाली, व ३ जानेवारी १९५० रोजीं तिचें उद्घाटन झालें. मात्र क्रम पाहावा. १९४० सालीं सरकारनें वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनाचें मंडळ नेमिलें. १९४१ सालीं दरसाल १० लाख याप्रमाणें पांच वर्षांचा निधि विधिमंडळानें मंजूर केला. १९४२ सालीं परिषद उभी राहिली. सरकारनें आधीं हात मोकळा केला. तो निधिही पांच वर्षांचाच होता हें खरें. परंतु त्यांत अपेक्षेचा वांटा नव्हता.

दुसऱ्या पक्षाचा एक युक्तिवाद असा कीं, आपल्या देशांत उद्योगधंदे संशोधनावर फार थोडें खर्च करतात. २०२०-२१ सालीं देशाचा संशोधनावरील एकंदर खर्च सकल उत्पादनाच्या शेंकडा ०.६४ होता, व त्यांत खासगी उद्योगांचा भाग शेंकडा ३६ च्या आसपास. जपान किंवा दक्षिण कोरिया यांत तो सत्तरांहून अधिक. आंकडे खरे आहेत, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. जपानांतील कारखानदार तो पैसा आपल्याच प्रयोगशाळेंत, आपल्याच मालासाठीं खर्च करतो. राष्ट्राच्या सामाईक निधींत ओतून ‘तुम्हांस योग्य वाटेल तो शोध करा’ असें तो म्हणत नाहीं. स्वतःच्या शेतांत विहीर काढणें निराळें, आणि गांवच्या तळ्यास वर्गणी देणें निराळें. पहिलीचा दाखला देऊन दुसरीची आशा धरणें हा तर्कदोष आहे. आमच्या न्यायशास्त्राच्या गुरुजींनीं असा हेतु पाहतांच व्यभिचारी म्हणून फेकून दिला असता.

यानंतर १ जुलै २०२५ रोजीं मंत्रिमंडळानें एक लाख कोटि रुपयांची संशोधन, विकास व नवोन्मेष यांसाठीं योजना मंजूर केली. खासगी क्षेत्रास दीर्घ मुदतीचें, अल्प किंवा शून्य व्याजाचें भांडवल पुरवावें हा तिचा उद्देश, आणि तिला दिशा द्यावयाची ती याच प्रतिष्ठानाच्या शासक-मंडळानें. ज्याच्याकडून ३६,००० कोटींची देणगी यावयाची, त्यालाच एक लाख कोटींचें सवलतीचें भांडवल द्यावयाचें! योजनेंत नवीन वस्तु बाजारापर्यंत नेण्याचा हेतु आहे व तो योग्य असेलही. परंतु दोन्ही खातीं शेजारीं मांडून वाचणाऱ्यास, दाता कोण व याचक कोण, हें ओळखणें कठीण पडतें.

शासक-मंडळाविषयीं थोडक्यांत सांगूं. पंतप्रधान पदसिद्ध अध्यक्ष आहेत; उद्योगव्यवसायांतून पांचपर्यंत सभासद घेतां येतात, आणि मानव्यविद्या व समाजशास्त्रें या सर्वांस मिळून एक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत या संस्थेची जी कल्पना होती तींत मानव्यविद्यांस बरोबरीचें स्थान होतें. कायद्यांत विज्ञानाशीं त्यांचा जेथें संबंध येतो तेवढीच सीमारेषा उरली. आम्ही इतिहासाभ्यासक वर्गणीवर जगण्यास सरावलेले आहों, त्यामुळें या संकोचाचें आम्हांस दुःख असलें तरी आश्चर्य नाहीं. प्रिंगलच्या कचेरींत गांवचे कागद वाचूं शकणारा व खोटा आंकडा ओळखणारा एक माणूस अधिक असता, तर इंदापूरच्या कुणब्याचीं कांहीं वर्षें वांचलीं असतीं, इतकेंच म्हणतों.

बारामतीजवळ माळेगांव खुर्द येथें २१ फेब्रुवारी २००९ रोजीं राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेची पायाभरणी झाली. अजैविक ताण म्हणजे कीड-रोगांखेरीज इतर कारणांनीं, दुष्काळ, खार, ऊन, पूर यांनीं, पिकावर येणारें संकट. १९२९ ची शाही परिषदच आज भारतीय कृषि-अनुसंधान-परिषद आहे व ही संस्था तिची आहे. जागा खडकाळ मुरमाड माळाची. तेथें खडक फोडून, माती भरून फळबागा उभ्या केल्या आहेत. ऊंसाचें पाचट न जाळतां खोडव्याच्या बुडख्या छाटणारें, बगला फोडणारें, जुन्या मुळ्या तोडणारें व खत मातींत पेरणारें एक अवजार तेथें तयार झालें, तें आमच्याकडील शेतकऱ्यांस माहीत आहे. तिचा नित्याचा खर्च परिषदेकडून चालतो, नव्या प्रतिष्ठानाकडून नव्हे. तथापि कायद्याच्या कार्यक्षेत्रांत शेतीचें नांव स्पष्ट घातलेलें आहे, आणि नीरेकांठचा जुना प्रश्न अजून मिटलेला नाहीं.

म्हणून आम्हीं एक अर्ज करावयाचें योजिलें आहे. १९१० च्या पत्रकांत नोंदलेल्या खारीच्या जागा आज कोणत्या स्थितींत आहेत, मधल्या काळांत कोठें चर खणले गेले, कोठें ऊंस सुटला, कोठें खार वर सरकली, हें मृद्रसायनाचा जाणकार व मोडी वाचणारा अशा दोघांनीं मिळून पाहावें, असें त्याचें स्वरूप राहील. विज्ञान व इतिहास यांची सीमारेषा याहून स्पष्ट असूं शकणार नाहीं, तेव्हां कायद्याच्या शब्दांत तो बसावा. शंभराहून अधिक वर्षांचा मागोवा तीनचार वर्षांत पुरा होणार नाहीं, हेंही अर्जांत लिहूं. ज्यांच्या घरीं नीरा डाव्या कालव्याच्या पाणीपट्टीच्या जुन्या पावत्या, पाळीपत्रकें, चर खणल्याचे करार किंवा चोपण जमिनीच्या तहकुबीचे हुकूम असतील, त्यांनीं गांव, सर्व्हे नंबर व साल यांसह त्यांच्या नकला मंडळाच्या चिटणिसांकडे पाठवाव्या. अस्सल कागद पाठविण्याचें कारण नाहीं.